एक डॉलर एकोणचाळीस सेंट
(हॅरी राइटच्या चरित्राची प्रस्तावना)

१८६९ चा हंगाम आटोपल्यावर सिनसिनाटी बेसबॉल क्लबाने वर्षाचा जमाखर्च मांडला. तांबड्या मोज्यांमुळे लोक या क्लबाला ‘रेड स्टॉकिंग्ज’ म्हणत. जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट, खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट. वर्षभरात एकही सामना न हरलेल्या, रेल्वेने आणि बोटीने सुमारे १२,००० मैल फिरलेल्या आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत लोकांनी तिकीट काढून पाहिलेल्या संघाची ही निव्वळ कमाई. आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळाची शिल्लकसुद्धा याहून बरी असते.

मला हा संघ पहिल्यांदा भेटला तो या आकड्यातून. त्याच्या विजयांची यादी मी नंतर वाचली आणि ती वाचून फारसा हललो नाही. जिंकण्याच्या याद्या सगळ्याच खेळांत असतात. पण ज्या जमान्यात खेळाडूला पैसे दिल्याचं कुणी कबूल करत नसे, त्या जमान्यात एका क्लबाने प्रत्येकाचा पगार ठरवून, तो उघड सांगून, अख्खं वर्ष चालवलं आणि वर्षाअखेर दिवाळं वाजू दिलं नाही, हे मला नवलाचं वाटलं. या संघाचा कप्तान सेंटर फिल्डला उभा राहायचा. दाढीवाला, बेताच्या बोलण्याचा, चौतिशीतला माणूस. विल्यम हेन्री राइट असं त्याचं पूर्ण नाव, पण सगळे त्याला हॅरी म्हणत. पुस्तकभर मीही त्याला हॅरीच म्हटलं आहे. त्यात सलगी दाखवायचा हेतू नाही. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज याच संघात होता आणि नुसतं ‘राइट’ म्हटलं की वाचकाचा गोंधळ होतो, एवढंच कारण.

जॉर्ज हॅरीपेक्षा चांगला खेळाडू होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्या काळातला सर्वांत चांगला शॉर्टस्टॉप कोण, या प्रश्नाला एकच उत्तर मिळत असे. हॅरीचं तसं नव्हतं. चांगला होता, कधी कधी फार चांगला होता. जून १८६७ मध्ये केंटकीतल्या न्यूपोर्टला एकाच सामन्यात त्याने सात होमरन मारल्याची नोंद आहे. पण तेवढ्यासाठी त्याच्यावर पुस्तक लिहिलं नसतं.

बेसबॉलशी ज्यांची ओळख सिनेमातल्या टोपीपुरती आहे त्यांच्यासाठी मैदानाचं थोडं सांगायला हवं. चार कोपऱ्यांवर चार बेस, मधोमध चेंडू टाकणारा पिचर, फलंदाजाच्या मागे कॅचर, आणि बेसांच्या आजूबाजूला चार जण. सामन्याची बरीचशी धावपळ या सहा जणांत होते. उरलेले तिघे लांब गवतात उभे असतात : लेफ्ट, सेंटर आणि राइट फिल्डला. हे आउटफिल्डर. आपल्या भाषेत सांगायचं तर लाँग ऑन, लाँग ऑफ आणि डीप मिडविकेट यांचं काम कायमचं गळ्यात पडलेली माणसं. हॅरीच्या काळात हातमोजे नव्हते. उंच उडालेला कडक चेंडू उघड्या तळव्यांनी झेलायचा आणि बोटं शाबूत राहिली तर तो आत फेकायचा. कित्येक मैदानांना कुंपणही नसे. लोक कडेला दाटीवाटीने उभे राहत, त्यांच्यामागे घोडागाड्या, आणि चेंडू गर्दीत घुसला की आउटफिल्डर त्यामागे गर्दीत घुसे.

आणखी एक गंमत. १८६४ च्या हंगामापर्यंत बेसबॉलमध्ये चेंडू एक टप्पा पडल्यावर झेलला तरी फलंदाज बाद होई. म्हणजे आपण वाड्याच्या चौकात आणि गल्लीत जे खेळलो तेच : एक टप्पा आउट. हा नियम तिथल्या मोठ्या, टोपी घालून खेळणाऱ्या, सामन्यानंतर मेजवानी झोडणाऱ्या गृहस्थांना चालत होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. क्रिकेटवाले मात्र त्यावरून बेसबॉलला पोरखेळ म्हणून हिणवत. नियम बदलावा म्हणून जो निकरबॉकर क्लब वर्षानुवर्षं भांडत होता त्याच क्लबात हॅरी बेसबॉल शिकला. टप्प्याची वाट न पाहता धावत जाऊन झेल घेणं त्याला नवं नव्हतं. तो मुळात क्रिकेटपटू होता.

इथून खरी गोष्ट सुरू होते. हॅरीचा जन्म १० जानेवारी १८३५ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील सॅम्युएल राइट हे पगारी क्रिकेटपटू. हॅरी अगदी तान्हा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि सॅम सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात नोकरीला लागले. नोकरी म्हणजे काय? मैदानाची देखभाल करायची, खेळपट्टी नीट ठेवायची, सभासदांना गोलंदाजी टाकायची, सामना असला की संघातून खेळायचं. १८४४ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात क्रिकेटचा सामना झाला. देशादेशांतला पहिला क्रिकेट सामना म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यात सॅम राइट अमेरिकेकडून खेळले. एका हातात गवत कापायचं हत्यार आणि दुसऱ्या हातात चेंडू असलेला हा बाप हॅरीने लहानपणापासून पाहिला. पुढे तो स्वतः त्याच क्लबात वडिलांच्या हाताखाली पगारी खेळाडू झाला. मधल्या काळात, चौदाव्या वर्षी शाळा सोडल्यावर, तो टिफनी या प्रसिद्ध जवाहिऱ्यांसाठी दागिने घडवण्याचं काम शिकला होता. त्या कामातली बारीक नजर पुढे त्याच्या प्रत्येक कागदात दिसते.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत : ‘व्यावसायिक’ आणि ‘धंदेवाईक’. अर्थ एकच, पण पहिला शब्द आपण डॉक्टर-वकिलाला लावतो आणि दुसरा नाक मुरडून उच्चारतो. १८६० च्या सुमाराच्या अमेरिकेत पैसे घेऊन खेळणाऱ्यासाठी जो शब्द होता तो कायम दुसऱ्या सुरात उच्चारला जाई. क्रिकेटमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या घरात, व्यवस्था निराळी होती. तिथे सद्गृहस्थ वेगळे आणि पगारी खेळाडू वेगळे. पगारी माणसाचा मान माळ्याइतका किंवा स्वयंपाक्याइतका असेल, पण त्याने पगार घेतला यात लपवण्यासारखं कुणाला काही दिसत नसे. बेसबॉलमध्ये उलट होतं. तिथे सगळेच सद्गृहस्थ, म्हणून पगार टेबलाखालून.

क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने १८५९ मध्ये पैसे देण्यावर बंदी घातली आणि ती मोडण्याच्या युक्त्या लगेच निघाल्या. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबाचा जिम क्रेटन हा असामान्य पिचर, १८६० मध्ये त्याला गुपचूप पैसे मिळत असा सगळ्यांचा समज होता. कुणाला दुकानात नावापुरती नोकरी मिळे, कुणाला सरकारी कचेरीत. सगळ्यांत मजेदार उदाहरण हॅरीच्या घरातलंच. १८६७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबाकडून खेळत होता आणि कागदोपत्री सरकारी कारकून होता. कचेरीचा पत्ता म्हणून जी जागा दिली होती तिथे एक सार्वजनिक बाग होती. जास्त पैसे दिसले की खेळाडू हंगामाच्या मध्यातच या क्लबातून त्या क्लबात उडी मारत. सट्टेवाले मैदानाच्या कडेला उघड बसत. लबाडी पैशातून आली, असं त्या काळची वर्तमानपत्रं लिहीत. माझं मत वेगळं आहे. पैसा लपवल्यामुळे ती आली. लपवलेल्या पगाराला करार नसतो, आणि करार नसला की शब्दही नसतो.

हॅरीला या सोंगाची गरजच नव्हती. त्याच्या घरात दोन पिढ्या खेळावर चूल पेटत होती. १८६५ मध्ये तो सिनसिनाटीला गेला तो युनियन क्रिकेट क्लबाचा पगारी खेळाडू म्हणून, वर्षाला १,२०० डॉलरवर. ओहायो नदीकाठच्या त्या शहराला तोवर बेसबॉलची चटक लागली होती. शेजारच्या मैदानावर लोटणारी गर्दी पाहून दोन वर्षांत हॅरी क्रिकेट सोडून बेसबॉल क्लबाचा झाला. क्लबाचा अध्यक्ष अ‍ॅरन चॅम्पियन हा तरुण वकील हौशी आणि महत्त्वाकांक्षी होता. १८६८ मध्ये लांब विजारीऐवजी गुडघ्यापर्यंतच्या तुमानी आणि खाली तांबडे मोजे असा पोशाख आला. पाय दिसतात म्हणून काही जणांनी नाकं मुरडली, काही जणांना तेवढ्यासाठीच यावंसं वाटलं.

राष्ट्रीय संघटनेने १८६९ च्या हंगामापासून पगारी खेळाडूंचा वेगळा वर्ग मान्य केला. इतर मोठ्या क्लबांतही पगारी खेळाडू होतेच. सिनसिनाटीने मात्र संघातला प्रत्येक माणूस पगारी ठेवला आणि ते जाहीर केलं. १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा करार. जॉर्जला १,४०० डॉलर, हॅरीला १,२००, पिचर एसा ब्रेनर्डला १,१००, तिसऱ्या बेसवरच्या फ्रेड वॉटरमनला १,०००. डग अ‍ॅलिसन, चार्ली गूल्ड, चार्ली स्वीझी, अँडी लेनर्ड आणि कॅल मॅकव्ही यांना प्रत्येकी ८००. राखीव खेळाडू डिक हर्लीला ६००. यांतला सिनसिनाटीचा अस्सल रहिवासी एकटा गूल्ड, बाकीचे बाहेरून आणलेले. धाकट्या भावाला आपल्यापेक्षा २०० डॉलर जास्त देणारी ही यादी मला फार आवडते. जॉर्ज जास्त लायक होता म्हणून त्याला जास्त. घरातलं वडीलपण घरात राहिलं.

मग या माणसाने संघाकडून करून काय घेतलं? सराव. आज हा शब्द इतका घासला गेला आहे की त्यात काही नवं ऐकू येत नाही. तेव्हा बहुतेक क्लबांचा सराव म्हणजे आपसात दोन बाजू करून खेळणं. हॅरी आउटफिल्डरांसाठी उंच झेल उडवत बसे, पुन्हा पुन्हा. कुणाच्या हातून चेंडू सुटला तर त्याच्यामागे कुणी धावायचं, कुणी कुठे फेकायचं, दोघे एकाच झेलाखाली आले तर हाक कुणी द्यायची, हे त्याने ठरवून दिलं. फलंदाज पाहून तो क्षेत्ररक्षक हलवायचा. सेंटर फिल्डला उभ्या माणसाला सगळं मैदान समोर पसरलेलं दिसतं. इतरांना ती जागा लांबची वाटे, त्याने तिचा टेहळणीच्या बुरुजासारखा उपयोग केला.

आणि गरज पडली की तो बुरूज सोडून मधोमध येई. दुखापत झाल्याशिवाय बाहेरचा बदली माणूस घेता येत नसे, त्यामुळे पिचर बदलायचा तर मैदानावरच्या दोघांनी जागा बदलायच्या. चेंडू खालून हाताने टाकायचा काळ होता. ब्रेनर्डच्या वेगाला फलंदाज सरावले की हॅरी सेंटरमधून चालत येई आणि असा संथ, तरंगता चेंडू टाकी की वेगाच्या तालात आलेली माणसं आधीच बॅट फिरवून मोकळी होत. लोक त्याला दवबिंदू म्हणत. इतकं सुंदर नाव आपल्या फिरकीपटूंच्या एकाही चेंडूला मिळालेलं नाही.

त्या हंगामाचं सविस्तर वर्णन तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणात आहे, इथे दोन-तीन प्रसंगच घेतो. मेअखेरीस संघ पूर्वेकडे निघाला. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बलाढ्य म्युच्युअल्सना त्यांनी ४–२ असं हरवलं. एकेका बाजूच्या चाळीस-पन्नास धावा होणं नेहमीचं असताना ४–२ हा आकडा ऐकून लोक चक्रावले. इतकं काटेकोर क्षेत्ररक्षण कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी संघाला भेट दिली. ऑगस्टमध्ये ट्रॉयचा हेमेकर्स संघ सिनसिनाटीला आला. १७–१७ अशी बरोबरी असताना एका झेलावरून वाद घालून ट्रॉयवाले मैदान सोडून चालते झाले. पंचाने सामना सिनसिनाटीला दिला. ट्रॉयच्या बाजूने लागलेला सट्टा बुडू नये म्हणून हे नाटक झालं, असं तेव्हा उघड बोललं गेलं. सप्टेंबरमध्ये ही मंडळी कॅलिफोर्नियात होती. खंड ओलांडणारा लोहमार्ग पुरा होऊन जेमतेम चार महिने झाले होते. वर्षाअखेर संघटनेच्या सभासद क्लबांविरुद्ध ५७ विजय, पराभव शून्य.

पण हॅरी मला खरा कळला तो हरलेल्या सामन्यात. १४ जून १८७०, ब्रुकलिनचं कॅपिटोलाइन मैदान, समोर अटलांटिक्स. नऊ डाव संपले, ५–५. अटलांटिक्सना बरोबरी पुरेशी होती, त्यांच्या कप्तानाची, बॉब फर्ग्युसनची, तयारी होती. लोक मैदानात शिरू लागले. हॅरीने मान हलवली असती तर न हरण्याची मालिका तशीच पुढे गेली असती, कुणी बोट दाखवलं नसतं. दोन्ही कप्तान राजी नसतील तर खेळ पुढे चालवायचा, असा नियम होता. हॅरीने हेन्री चॅडविकला विचारलं. चॅडविक हा बेसबॉलवर लिहिणारा सर्वांत वजनदार पत्रकार, मूळचा इंग्रज आणि मूळचा क्रिकेटवालाच, बेसबॉलची धावपत्रिका घडवणारा. त्याने नियम तसाच असल्याचं सांगितलं. हॅरी राजी झाला नाही. लोकांना पुन्हा कडेला हटवलं.

अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या. ७–५. मग अटलांटिक्सची पाळी. जो स्टार्टचा फटका राइट फिल्डच्या गर्दीत गेला. चेंडू शोधणाऱ्या मॅकव्हीला एका प्रेक्षकाने अडवलं असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. एक धाव आली. फर्ग्युसन एरवी उजव्या हाताने खेळणारा, पण शॉर्टस्टॉपला जॉर्ज राइट आहे म्हटल्यावर चेंडू त्या बाजूला जाऊ नये म्हणून तो डाव्या हाताने उभा राहिला आणि त्याने बरोबरी साधून दिली. त्यानंतर पहिल्या बेसवरच्या गूल्डच्या हातून चेंडू निसटला, घाईत त्याने तो स्वीझीकडे फेकला, तिथेही घोटाळा झाला. फर्ग्युसन घरी. ८–७.

या निर्णयासाठी हॅरीला खिलाडूवृत्तीचा पुतळा करण्याची एक रीत पडली आहे. मला तसं वाटत नाही. मला त्यात कारागिराचा हट्ट दिसतो. लोकांनी पूर्ण सामन्याचे पैसे दिले आहेत, नियम पूर्ण सामना मागतो, मग अर्धं काम देऊन कसं चालेल?

त्याचा हट्ट क्लबाला महागात पडला. अजिंक्य संघ पाहायला येणारी गर्दी पराभवानंतर ओसरली. नोव्हेंबरमध्ये क्लबाच्या कारभाऱ्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी खेळाडू ठेवणार नाही. १ डॉलर ३९ सेंटच्या टाचणीवर उभं असलेलं घर एका धक्क्याने पडलं.

बॉस्टनमध्ये आयव्हर्स अ‍ॅडम्स नवा क्लब उभारत होते. त्यांनी हॅरीला बोलावलं. तो गेला, जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्ही यांना घेऊन गेला, आणि तांबडे मोजेही घेऊन गेला. मार्च १८७१ मध्ये पगारी क्लबांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. प्रवेश फी दहा डॉलर. पहिल्या वर्षी जॉर्जचा पाय दुखावला आणि विजेतेपद हुकलं. नंतर १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षं बॉस्टन पहिलं. शेवटच्या वर्षी ७१ विजय आणि ८ पराभव. १८७१ मध्ये हॅरी छत्तीस वर्षांचा होता, तरी १८७४ पर्यंत तो सेंटर फिल्डला नियमित उभा राहिला. मैदानावरचं हे यश मी या पुस्तकात थोडक्यात उरकलं आहे. सतत जिंकणारा संघ वाचायला कंटाळवाणा असतो, आणि तो पाहायलाही कंटाळवाणा होता. १८७२ चं विजेतेपद मिळवूनही क्लब कर्जात होता.

१८७४ च्या इंग्लंड दौऱ्याला मात्र पूर्ण प्रकरण दिलं आहे. हॅरीने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स हे दोन संघ घेऊन इंग्लंड गाठलं. बोलणी करायला आधी आपल्या संघातल्या, तेविशीतल्या अ‍ॅल स्पॉल्डिंगला पाठवलं होतं. त्या पठ्ठ्याने इंग्रजांना खूश करायला क्रिकेटचे सामनेही कबूल करून टाकले. राइट बंधू आणि आणखी दोघे-तिघे सोडले तर क्रिकेटची बॅट कशी धरतात हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. अकरांविरुद्ध अठरा जण उतरवण्याची सवलत मिळाली आणि ही अठरा माणसं लॉर्ड्सवरसुद्धा बेसबॉलसारखाच दांडपट्टा फिरवत खेळली. एकही क्रिकेट सामना ती हरली नाहीत. क्षेत्ररक्षणाने इंग्रज चकित झाले. बेसबॉलला मात्र त्यांनी आपल्या मुलींच्या राउंडर्सचा थोरला भाऊ समजून सोडून दिलं. दौऱ्यात खोट आली. संघ शेफील्डलाही खेळला. ज्या गावातून पगारी क्रिकेटपटूचं तान्हं मूल कडेवर गेलं होतं त्या गावात तो चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसराच खेळ घेऊन परतला होता.

१८७६ मध्ये नॅशनल लीग आली. हॅरीचे चार बिनीचे खेळाडू शिकागोने आधीच उचलले होते. तरी १८७७ आणि १८७८ चं विजेतेपद बॉस्टनचंच. १८७९ मध्ये ते प्रॉव्हिडन्सने हिसकावलं. प्रॉव्हिडन्सचा कर्ताधर्ता होता जॉर्ज राइट. एवढं सांगून मी तो विषय सोडतो. भावाभावांच्या मनात शिरण्याचा मोह कादंबरीकारांसाठी ठेवला आहे.

१८८२ आणि १८८३ ही दोन वर्षं हॅरी स्वतः प्रॉव्हिडन्सला होता आणि १८८४ पासून दहा हंगाम फिलाडेल्फियात. तिथे विजेतेपद कधीच आलं नाही. १८९० मध्ये पगारी खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची लीग काढली, त्याच वर्षी हॅरीची दृष्टी अचानक गेली आणि काही महिने तो संघापासून दूर राहिला. दृष्टी परत आली, पण पूर्वीचा माणूस परत आला नाही. १८९३ नंतर क्लबाने त्याचा करार वाढवला नाही. लीगने त्याच्यासाठी पंचप्रमुख हे पद निर्माण केलं. त्यात काम किती आणि सन्मान किती, हे वाचकाने ठरवावं. मॅनेजर म्हणून त्याने एकूण १,२२५ सामने जिंकले होते. ३ ऑक्टोबर १८९५ रोजी अटलांटिक सिटीत न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या नावाने सामने भरवून स्मारकासाठी पैसे जमवण्यात आले. इथेही लोकांनी तिकीट काढलं. हॅरीला ते आवडलं असतं.

चरित्रनायकावर लट्टू होणं हा आपल्याकडच्या चरित्रलेखनाचा जुना आजार आहे. तो मला जडला नाही असा दावा करत नाही, पण दोन गोष्टी नोंदवतो. राष्ट्रीय संघटनेने पगारी खेळाडूंना दार उघडलं त्याच्या एक वर्ष आधी, डिसेंबर १८६७ मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद केलं होतं. फिलाडेल्फियाच्या पिथियन क्लबासारखे चांगले संघ बाहेर राहिले. त्या भेदाविरुद्ध हॅरी उभा राहिला असं मला कुठे आढळलं नाही. दुसरं म्हणजे, १८७९ मध्ये लीगच्या मालकांनी खेळाडूंना राखून ठेवण्याची पद्धत आणली. क्लबाने नाव राखलं की खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नसे. ती आणण्यात पुढाकार होता बॉस्टनच्या मालकाचा, आणि तेव्हा बॉस्टनचा मॅनेजर होता हॅरी. खेळाडूच्या पगाराला ज्याने इभ्रत दिली त्याच्या डोळ्यांदेखत तो पगार मालकांनी साखळीला बांधला. बापाकडून तो नोकरी शिकला होता. नोकराने मालकाशी कसं भांडावं हे बापाने शिकवलं नव्हतं.

हॅरी सगळ्या पत्रांच्या प्रती ठेवायचा. त्याच्या वह्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात स्पॉल्डिंग संग्रहात आहेत. त्यात वीरश्री शोधणाऱ्याची निराशा होईल. रेल्वेचं भाडं, हॉटेलचे दर, सामन्यांच्या तारखा, तिकीट ५० सेंटच हवं हा आग्रह, गवताची निगा, दारू पिणाऱ्या खेळाडूला नकार. मुलीच्या लग्नाची तयारी करणाऱ्या घरातल्या यादीची आठवण यावी असं सगळं. बेसबॉलचा जनक म्हणून त्याच्या काळात त्याला गौरवलं गेलं, तसंच चॅडविकलाही. पुढे तो मान एका सेनाधिकाऱ्याला, अ‍ॅब्नर डबलडेला, देण्यात आला. त्याने कुपर्सटाउन गावी एके दिवशी हा खेळ शोधून काढला अशी निखालस खोटी कथा रचली गेली आणि त्याच गावी खेळाचं कीर्तिमंदिर उभं राहिलं. तिथे जॉर्जचं नाव १९३७ मध्ये लागलं. हॅरीचं १९५३ मध्ये. सोळा वर्षांनी.

शेवटी भाषेविषयी. पिचर, कॅचर, बेस, होमरन हे शब्द मी तसेच ठेवले आहेत. त्यांना प्रतिशब्द घडवून वाचकाला घाम फोडण्यात अर्थ नाही. धाव, झेल, बाद, फलंदाज हे मात्र आपलेच वापरले. हॅरी क्रिकेटच्या घरातला असल्याने त्याची त्याला हरकत नसावी. ‘धंदेवाईक’ हा शब्द मुद्दाम ठिकठिकाणी आला आहे. तो वाचताना नाक मुरडलं गेलं तर क्षणभर थांबावं. नियमांचं परिशिष्ट मागे आहे, ते आधी वाचलं तर बरं, नाही वाचलं तरी अडणार नाही. पहिलं प्रकरण न्यूयॉर्कमधल्या क्रिकेटच्या मैदानावर सुरू होतं. सामना दुपारी आहे आणि सॅम राइट सकाळपासून गवत कापत आहेत.